खोडलेल्या किमतीचा अर्थ

एकाच छपराखाली कपडेलत्ते, पादत्राणे, अंथरुणे-पांघरुणे, भांडीकुंडी आणि दागदागिने यांचे निरनिराळे विभाग मांडणाऱ्या मोठ्या दुकानास आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून ‘विभागीय भांडार’ हे नाव रूढ झाले आहे. अमेरिकेत अशा भांडारांचे थर पडलेले आहेत. धनिकांची भांडारे वर, केवळ स्वस्ताईवर चालणारी खाली, आणि या दोहोंच्या मध्ये पगारदार कुटुंबांची. या मधल्या थराला गेल्या काही दशकांत ओहोटी लागली. सीअर्स या जुन्या पेढीने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मे २०२० मध्ये जे. सी. पेनी त्याच वाटेने गेली. वॉलमार्टची स्पर्धा व घरबसल्या होणारी खरेदी ही याची कारणे नेहमी सांगितली जातात, आणि ती खरीही आहेत. परंतु ज्या गिऱ्हाइकांनी या दुकानांकडे पाठ फिरविली त्यांच्या मनात काय होते, याचा उलगडा या कारणांनी होत नाही. गिऱ्हाईक बहुधा बोलून दाखवीत नाही. ते येईनासे होते. पेनीच्या बाबतीत मात्र २०१२ साली असा एक प्रसंग घडला की, गिऱ्हाइकांचे मत जवळजवळ वाक्यरूपाने प्रकट झाले.

जेम्स कॅश पेनी याने आपले पहिले दुकान १९०२ साली वायोमिंग संस्थानातील केमरर या खाणकामगारांच्या गावी उघडले. दुकानाचे नाव ‘गोल्डन रूल’, म्हणजे इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण वागावे, हा नियम. व्यवहार रोखीचा, भाव सर्वांना एकच. (संस्थापकाच्या नावातील ‘कॅश’ हा शब्द योगायोगाचा, पण उधारी या पेढीने १९५८ पर्यंत सुरू केली नाही हे खरे.) पुढे हा व्याप वाढून दुकानांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. वॉलमार्टचा संस्थापक सॅम वॉल्टन याने १९४० साली पेनीच्याच डेमॉइन येथील दुकानात उमेदवारी केली होती, ही गोष्ट नियतीच्या खोडकरपणाचा नमुना म्हणून नमूद करण्यासारखी आहे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी या दुकानातील एकच भाव केव्हाच लोपला होता. चिठ्ठीवर एक मोठा आकडा छापावा, तो खोडावा, शेजारी लहान आकडा लिहावा आणि त्यावर आणखी कूपनाची सूट द्यावी, अशी रीत पडली होती. कंपनीने स्वतःच सांगितले की, एकट्या २०११ साली तिने ५९० निरनिराळ्या सवलतविक्री योजना राबविल्या आणि छापील किमतीस विकला गेलेला माल शेकडा एकही भरला नाही. दहा वर्षांत सरासरी सूट शेकडा ३८ वरून ६० वर गेली होती. गिऱ्हाईक प्रत्यक्षात मोजीत असलेली रक्कम मात्र जवळजवळ तेवढीच राहिली. वाढला होता तो खोडण्यासाठी छापलेला आकडा.

नोव्हेंबर २०११ मध्ये कारभार हाती घेतलेल्या रॉन जॉन्सन या अधिकाऱ्याला हा प्रकार अप्रामाणिक वाटला, आणि त्याचे वाटणे चुकीचे होते असे कोणी म्हणू शकणार नाही. ॲपल कंपनीची दुकाने उभारून त्याने लौकिक मिळविला होता. १ फेब्रुवारी २०१२ पासून पेनीच्या छापील किमती निदान शेकडा ४० नी उतरविण्यात आल्या. कूपने बंद झाली. ‘सेल’ हा शब्द वर्ज्य ठरला. नव्व्याण्णव सेंटांची शेपटे काढून पूर्ण डॉलरचे आकडे आले. घोषवाक्य ठरले ‘फेअर अँड स्क्वेअर’, म्हणजे सरळ आणि चोख. दुकानाचे नवे बोधचिन्हही चौकोनीच होते.

गिऱ्हाइकांचे उत्तर रोखठोक आले. वर्षभरात विक्री १७ अब्ज डॉलरांवरून १३ अब्जांपर्यंत, म्हणजे जवळजवळ चतुर्थांशाने घसरली आणि सुमारे ९८ कोटी ५० लाख डॉलरांचा तोटा आला. हजारो नोकरांना काम गमवावे लागले. एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सनला जावे लागले, आणि मे महिन्यात पेनीने जाहिरात देऊन गिऱ्हाइकांची चक्क क्षमा मागितली. काही बदल तुम्हांस आवडले, काही आवडले नाहीत. आम्ही ऐकायला शिकलो आहोत. परत या, असा तिचा आशय होता. याच काळात मालाचे छाप आणि दुकानाची मांडणीही बदलली होती, म्हणून सगळा दोष एका चिठ्ठीवर टाकता येत नाही. तथापि कूपने परत आणावी लागली, यावरून दुखावलेली जागा कोणती हे कळते.

सदऱ्याचा टाका पक्का आहे की कच्चा, चादर दहा धुण्यांनंतर कशी राहील, हे दुकानात उभे राहून सांगणे कठीण. तेथे ‘४०’ खोडून लिहिलेला ‘१६’ गिऱ्हाइकाला दोन गोष्टी सांगत असे: वस्तू चाळिसाच्या योग्यतेची आहे, आणि ती आज तुला सोळाला मिळते आहे. साक्ष खोटी असेल, पण साक्ष होती. नुसता ‘१६’ मुका राहतो. फेर्दिनां द सोस्यूर याच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या भेदावर अवलंबून असते असे प्रतिपादन आहे, आणि तेथे दृष्टांत नाण्याचाच, पाच फ्रँकच्या नाण्याचा, घेतलेला आहे. पेनीने भेदच पुसून टाकला. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर याने १९८५ मध्ये हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने मांडली होती: खरेदीत वस्तूचे समाधान वेगळे आणि सौदा साधल्याचे समाधान वेगळे. कूपन कापून जपून ठेवणाऱ्या गृहिणीच्या दृष्टीने ती सूट दुकानाची कृपा नसून तिच्या स्वतःच्या हुशारीची मिळकत होती. सर्वांना सारखाच भाव झाला, तेव्हा तिच्या हुशारीला बाजार उरला नाही.

मराठीतील ‘सेल लागला’ हा प्रयोग या ठिकाणी आठवतो. मृग लागतो, अधिक महिना लागतो, तसा सेलही लागतो. सेल हा ऋतू आहे; बारमाही सेल म्हणजे सेल नव्हे. आपल्याकडील ‘एकच भाव’ ही पाटी चालते ती पाटीमुळे नव्हे, तर दुकानदाराच्या दोन पिढ्यांच्या ओळखीमुळे. केमररच्या दुकानातही तशीच ओळख असणार. शेकडो शाखांच्या पेढीला ती एका फेब्रुवारीत कोठून आणता येणार?

सर्वच गिऱ्हाईक खोडलेल्या आकड्यावर लुब्ध होते असे मात्र समजू नये. कूपनांची कटकट गेली म्हणून संतोष मानणारेही होते. ते संख्येने पुरेसे नव्हते, इतकेच. काही जण तर न्यायालयात गेले. पेनीच्या ‘मूळ किमती’ त्या दराने कधी लावलेल्याच नव्हत्या, अशी फिर्याद कॅलिफोर्नियातील एका गिऱ्हाइकाने केली. ती अनेकांच्या वतीने चालली आणि २०१५ साली कंपनीने पाच कोटी डॉलरांपर्यंतची तडजोड मान्य केली. डिसेंबर २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या नगर-अभियोक्त्याने अशाच आरोपावरून पेनी, सीअर्स, मेसीज आणि कोल्स या चौघांवर दावे लावले. चारही भांडारे मधल्याच थरातील, ही गोष्ट लक्षणीय आहे.

डिसेंबर २०२० मध्ये सायमन आणि ब्रुकफील्ड या जागामालक कंपन्यांनी पेनी विकत घेतली. ज्या इमारतींत ही दुकाने होती त्यांतील बऱ्याच त्यांच्याच, त्यामुळे भाडेकरू जगविणे त्यांना भाग होते. २०२५ च्या आरंभी ती कॅटलिस्ट ब्रँड्स या नव्या समूहात सामील झाली. तेव्हा तिची सुमारे साडेसहाशे दुकाने उरली होती, आणि त्यांतून कूपने चालू होती.