धान कापल्यानंतर : झाडीपट्टीतील निवांत काळ आणि गावाची रंगभूमी

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• झाडीपट्टीतील शेतीचे वर्षचक्र आणि तेथील नाट्यहंगाम यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• मंडई, दंडार, खडी गंमत आणि झाडीपट्टीचे नाटक यांचे वेगळेपण सांगता येईल.
• नाटकाच्या आयोजनातून गावसमाजाची कोणती कामे पार पडतात, याचे विवेचन करता येईल.
• निवांत काळ सर्वांच्या वाट्याला सारखाच येतो का, या प्रश्नाचा विचार करता येईल.

१. प्रस्तावना

शेतीवर जगणाऱ्या समाजात वर्षाचे सगळे महिने सारखे नसतात. काही महिने माणसाला दिवस पुरत नाही, तर काही महिने हात मोकळे राहतात. लोकसाहित्याचा अभ्यास करताना आपण बहुधा गीते, कथा, संवाद यांच्या संहितांकडे लक्ष देतो. त्या संहिता वर्षाच्या कोणत्या काळात सादर होतात आणि सादर करणारी व पाहणारी माणसे त्या वेळी कोणत्या कामातून मोकळी झालेली असतात, हे विचारायचे मात्र राहून जाते. प्रस्तुत घटकात हाच प्रश्न आपण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या संदर्भात विचारणार आहोत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांच्या धान पिकवणाऱ्या भागाला ‘झाडीपट्टी’ म्हणतात. झाडी म्हणजे दाट जंगल. त्यावरून हे नाव पडले. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला, तरी वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील बोली, नातीगोती आणि करमणुकीचे प्रकार आजही एकमेकांत मिसळलेले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल हे तालुके आणि गडचिरोलीतील देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी हे तालुके आपल्या विवेचनाच्या केंद्रस्थानी राहतील.

२. धानाचे वर्ष आणि त्यातील मोकळी जागा

झाडीपट्टीत ‘भात’ हा शब्द शिजवलेल्या अन्नासाठी वापरतात; पिकाला ‘धान’ म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर पऱ्हे टाकले जातात. पाऊस स्थिरावला की बांध्यांत चिखल करून रोवणी होते. या दिवसांत घरातील प्रत्येक माणूस शेतावर असतो. हलके धान दिवाळीच्या आसपास हाती येते, भारी धानाची कापणी त्यानंतर होते. पुंजणी घालणे आणि मळणी आटोपेपर्यंत थंडी पडलेली असते. ज्यांच्या बांधीत ओल टिकते ते लाखोळी, हरभरा किंवा जवस घेतात; पण या पिकांना धानाइतके हात लागत नाहीत.

मार्चमध्ये मोहफुले गळू लागतात आणि पहाटेच टोपल्या घेऊन रानात जावे लागते. मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी असते. त्यानंतर पुन्हा पावसाची वाट पाहणे सुरू होते. याचा अर्थ असा की दिवाळी ते होळी या सुमारे चार महिन्यांत धानाचे काम ओसरलेले असते, रानाचे काम सुरू व्हायचे असते, आणि घरात नवे धान आलेले असते. वेळ आणि थोडाफार पैसा एकाच वेळी हाताशी असण्याचा वर्षातील हाच एक काळ होय. झाडीपट्टीचा नाट्यहंगाम नेमका याच काळात बसतो.

ही गोष्ट झाडीपट्टीपुरती मर्यादित नाही. दक्षिण कोकणात भात झोडून झाल्यावर कार्तिकापासून जत्रा आणि त्यांबरोबर दशावतारी नाटके सुरू होतात. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये धानाच्याच प्रदेशात ‘नाचा’ हा लोकनाट्यप्रकार वाढला. पिके आणि देवता बदलल्या तरी कापणीनंतरचा मोकळा काळ आणि रात्रभर चालणारा खेळ यांची जोडी अनेक ठिकाणी आढळते.

३. मंडई, दंडार आणि खडी गंमत

दिवाळीनंतर गावोगावी ‘मंडई’ भरते. अन्यत्र या शब्दाने भाजीबाजाराचा बोध होतो. झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावाची वार्षिक जत्रा होय. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा असल्याने एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या मंडईला पाहुणे म्हणून जाऊ शकतात. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, उपवर मुलामुलींची माहिती एकमेकांना कळते. पावसाळाभर चिखलाने आणि नाल्यांनी तुटलेला नात्यांचा संपर्क या दिवसांत पुन्हा जोडला जातो.

मंडईच्या निमित्ताने सादर होणारा एक जुना प्रकार म्हणजे ‘दंडार’. नमनाने आरंभ, गायन, नृत्य आणि सोंगे, पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिका आणि लिखित संहितेपेक्षा तोंडी परंपरेवर असलेला भर ही तिची ठळक लक्षणे आहेत. ‘खडी गंमत’ हा तमाशाशी नाते सांगणारा प्रकार आहे. शाहीर, ढोलकीवाला आणि स्त्रीवेषातील नर्तक उभ्यानेच खेळ रंगवतात. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीसह या प्रदेशातील लोककलांकडे आणि बोलीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

या प्रकारांत सादर करणारा आणि पाहणारा यांच्यातील अंतर फार थोडे असते. काल बांधीत शेजारी कापणी करणारा माणूस आज लुगडे नेसून समोर उभा असतो आणि पाहणारे त्याला नावाने ओळखतात. झाडीपट्टीचे नाटक समजून घेताना ही ओळख लक्षात ठेवावी लागते.

४. झाडीपट्टीचे नाटक

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले, हा मराठी रंगभूमीचा इतिहास आपण अन्यत्र अभ्यासला आहे. शहरांत पुढे संगीत नाटकाची जागा मुख्यतः गद्य नाटकाने घेतली. झाडीपट्टीत मात्र गाणे नाटकाबाहेर गेले नाही. ऑर्गन आणि तबल्याच्या साथीने नट स्वतः गातात. अलीकडे त्यांत विजेवर चालणाऱ्या वाद्यांची भर पडली आहे.

आरंभी गावातील हौशी मंडळीच नाटक बसवत. पुढे स्त्रीभूमिकांसाठी बाहेरून अभिनेत्री बोलावल्या जाऊ लागल्या आणि हळूहळू व्यावसायिक कंपन्या उभ्या राहिल्या. वैनगंगेकाठचे देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या व्यवसायाचे केंद्र आहे. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील स्थानक असल्याने चारही जिल्ह्यांतून तेथे पोहोचणे सोपे जाते. हंगामापूर्वी गावोगावची मंडळे वडशाला येतात, कंपन्यांच्या कार्यालयांत बसून नाटक आणि तारीख ठरवतात व करार करतात. पश्चिम महाराष्ट्रात यात्रांसाठी तमाशा ठरवण्याकरिता नारायणगावाला जे स्थान आहे, तेच येथे वडशाला आहे.

प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. या लांबीला रसिकतेइतकेच एक व्यावहारिक कारणही आहे. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या प्रेक्षकांना मध्यरात्री जंगलातील वाटांनी परतणे सोयीचे नसते आणि सुरक्षितही नसते. ब्रह्मपुरीच्या परिसरात वाघांचा वावर मोठा आहे. उजाडेपर्यंत नाटक चालले तर प्रेक्षक उजेडात घरी जातो. तालमींना फारसा वेळ नसल्याने विंगेतील प्रॉम्प्टर हा प्रयोगाचा कणा असतो. विनोदी भूमिकांसाठी ख्यातनाम असलेले गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये ‘पद्मश्री’ जाहीर झाली, तेव्हा या रंगभूमीची राष्ट्रीय पातळीवर नोंद घेतली गेली.

५. नाटक ठरवणारे गाव

झाडीपट्टीत नाटक ‘येत’ नाही, गाव ते ‘आणते’. त्यासाठी मंडळ स्थापन करावे लागते, वर्गणी किंवा ठेव जमवावी लागते, कंपनीशी बोलणी करावी लागतात, शामियाना उभारावा लागतो, तिकिटे विकावी लागतात आणि शेवटी हिशेब सर्वांसमोर मांडावा लागतो. प्रयोगाला गर्दी झाली तर उरलेला पैसा गावाच्या कामाला किंवा पुढच्या वर्षीच्या नाटकाला लावता येतो. थंडीत पाऊस पडला किंवा जवळच्या गावात त्याच रात्री दुसरे नाटक असले, तर तोटा मंडळाच्या अंगावर येतो.

म्हणून शेजारच्या गावांशी तारखांचे बोलणे करावे लागते. कोण दारावर उभा राहील, कोणाच्या घरी कलावंतांचे जेवण होईल, पाहुण्यांची व्यवस्था कोण पाहील, हे ठरवताना गावातील तरुणांना जबाबदारी घेण्याचा, भांडण मिटवण्याचा आणि सार्वजनिक पैसा हाताळण्याचा सराव होतो. नाटक एका रात्रीचे असले तरी त्याच्या तयारीत गावाचे कित्येक आठवडे जातात. मोकळ्या महिन्यांत गाव कशात गुंतलेले असते, या प्रश्नाचे उत्तर रंगमंचापेक्षा या तयारीत अधिक सापडते.

६. रंगमंचावरची भाषा

मराठीच्या विद्यार्थ्याने येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. झाडीपट्टीच्या नाटकातील नायक, नायिका आणि खलनायक बहुधा प्रमाण मराठी बोलतात. झाडीबोली प्रामुख्याने विनोदी पात्राच्या तोंडी येते. प्रेक्षक ज्या भाषेत घरी दुःख करतात, त्याच भाषेला रंगमंचावर हसू येते.

याचे दोन अर्थ लावता येतात. एक असा की प्रमाणभाषेची प्रतिष्ठा गावानेही मान्य केली आहे आणि आपली बोली गंभीर प्रसंगाला अपुरी मानली आहे. दुसरा असा की विनोदी पात्र हेच प्रेक्षकाच्या सर्वांत जवळचे असते. ते सावकाराला, पुढाऱ्याला, प्रसंगी नायकालाही टोमणे मारते आणि ते स्वातंत्र्य बोलीमुळेच त्याला मिळते. आपण एखादा प्रयोग पाहाल तेव्हा टाळ्या कोणत्या भाषेतील वाक्यांना पडतात, हे टिपून ठेवावे आणि मग आपले मत बनवावे.

७. निवांतपणाचे वाटप

आतापर्यंतच्या विवेचनावरून दिवाळी ते होळी हा काळ सर्वांसाठी उत्सवाचा असतो, असा समज होण्याचा संभव आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. ज्याच्या घरी वर्षाचे धान साठलेले आहे त्याच्यासाठी हा निवांत काळ होय. भूमिहीन मजुरासाठी हेच महिने बेकारीचे असतात. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे शेतीत काम नसलेल्या काळात मजुराने खावे काय, हाच प्रश्न होता. आजही चंद्रपूर आणि गडचिरोलीतून अनेक कुटुंबे हिवाळ्याअखेरीस मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. गावात नाटकाचा मंडप उभारला जात असताना काही घरांना कुलूप लागलेले असते.

कलावंतांकडे पाहिले तर चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. नट, वादक, पडदे रंगवणारे, मंडप घालणारे यांपैकी अनेक जण स्वतः लहान शेतकरी किंवा मजूर आहेत. गावासाठी जो विसाव्याचा काळ, तोच त्यांच्यासाठी जागरणाचा आणि कमाईचा हंगाम असतो. धानाला दोन पाणी कमी पडले तर शेतकऱ्याचे पीक जाते आणि त्याच वर्षी मंडळांचे करारही कमी होतात. शेतकरी-कलावंताला अशा वर्षी दोन्हीकडून फटका बसतो.

८. बदलते संदर्भ

नाटकाचे एक मोठे निमित्त म्हणजे ‘शंकरपट’, अर्थात बैलांच्या शर्यती. दिवसा पट आणि रात्री नाटक असा क्रम असे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींना मनाई केली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरवली. मधल्या काळात पट थांबले, पण नाटकांचा हंगाम चालू राहिला. निमित्त गेले तरी गावाने एकत्र येण्याची गरज सोडली नाही, हे यावरून दिसते. मार्च २०२० नंतरच्या साथीच्या काळात मात्र एकत्र येण्यालाच बंदी आली आणि केवळ हंगामावर जगणाऱ्या कलावंतांची उपजीविका थांबली.

सिंचन असलेल्या भागात उन्हाळी धान घेतले जाऊ लागल्याने मोकळा काळ आखूड होत आहे. मोबाइलमुळे करमणूक प्रत्येकाच्या हातात आली आहे. तरीही मंडळाच्या बैठकीत बसणे, तिकिटांचा हिशेब देणे, पाहुण्यांना जेवू घालणे या गोष्टी मोबाइलवर पाहता येत नाहीत. त्या कराव्याच लागतात. झाडीपट्टीच्या नाटकाचे भवितव्य प्रेक्षक टिकतील का यावर जितके अवलंबून आहे, तितकेच ही कामे अंगावर घेणारी माणसे हिवाळ्यात गावात राहू शकतील का, यावरही अवलंबून आहे.

९. सारांश

झाडीपट्टीतील नाट्यहंगाम धानाच्या कापणीनंतर आणि मोहफुलांच्या आधी येणाऱ्या मोकळ्या काळात बसतो. मंडई, दंडार आणि खडी गंमत यांतून नात्यांचा संपर्क राखला जातो. नाटकाच्या आयोजनातून गाव सामूहिक व्यवहार शिकते. रंगमंचावरील भाषेत प्रमाण मराठी आणि झाडीबोली यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न दडलेला आहे. निवांत काळ सर्वांना सारखा लाभत नाही. त्याची वाटणी जमीन, पाणी आणि मजुरी यांवर ठरते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. धानाच्या वर्षचक्राच्या आधारे झाडीपट्टीच्या नाट्यहंगामाचा काळ स्पष्ट करा.
२. नाटक रात्रभर चालण्यामागील व्यावहारिक कारण सांगा.
३. ‘गाव नाटक आणते’ या विधानाचे सोदाहरण विवेचन करा.
४. झाडीबोली विनोदी पात्राच्या तोंडी असण्याचे दोन अर्थ लिहून आपले मत मांडा.

उपक्रम

आपल्या गावात किंवा वस्तीत कामाचा ताण सर्वांत कमी असलेले महिने कोणते, हे शेतकरी, शेतमजूर आणि गृहिणी अशा किमान तीन व्यक्तींना विचारा. त्या काळात प्रत्येक जण काय करतो, याची नोंद त्यांच्याच बोलीत करा. तिघांची उत्तरे शेजारी शेजारी मांडून त्यांतील साम्य आणि भेद एका पानात लिहा व ते टिपण संपर्क सत्रात चर्चेसाठी आणा.