सूक्ष्म कणाचे सोडण

2023 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह या तिघा शास्त्रज्ञांना ‘क्वांटम डॉट’ म्हणजेच पुंजबिंदूंचा शोध व निर्मिती यांबद्दल मिळाले. हे वृत्त आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, हे कण उन्हापासून वीज करतात म्हणता, मग आपल्या छपरांवर ते का दिसत नाहीत?” आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर! उत्तर सुचेना. मग शास्त्रशिक्षकांना गाठून आणि चार पुस्तके चाळून जे उमगले, तेच येथे मांडीत आहोत.

पुंजबिंदू म्हणजे अर्धवाहक पदार्थाचा अतिसूक्ष्म स्फटिक. त्याचा व्यास साधारणतः 2 ते 10 नॅनोमीटर असतो. आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. नवल असे की, पदार्थ तोच ठेवून केवळ कण लहानमोठा केला, तरी तो कोणता प्रकाश शोषून घेईल हे बदलते. लेड सल्फाइडचे कण योग्य मापाचे केले, तर सिलिकॉनच्या हाती न लागणारे अवरक्त किरणही त्यांना टिपता येतात. शिवाय द्रवात मिसळून त्यांचा शाईसारखा पातळ थर देता येतो.

मग अडते कोठे? अडते पृष्ठभागापाशी. एका बाजूस दहा, याप्रमाणे एक हजार लाडवांची घनाकृती रास रचा. त्यांपैकी 488 लाडू बाहेरच्या अंगास येतील. बाजूस शंभर लाडू घेतले, तर दहा लाखांपैकी 58,808, म्हणजे शेकडा सहाही नाहीत. तद्वत कण जितका लहान, तितके त्याचे अधिक अणू उघड्यावर पडतात. या अणूंना बाहेरच्या बाजूने जोडीदार नसतो. असे एकाकी अणू धावत्या इलेक्ट्रॉनला अडकवून ठेवतात आणि वीज वाया जाते.

म्हणून कण तयार करतानाच त्यांच्यावर एक आवरण चढवितात. या आवरणाच्या रेणूंना ‘लिगंड’ म्हणतात. लेड सल्फाइडसाठी बहुधा ओलेइक आम्ल वापरतात. ऑलिव्हच्या व आपल्या शेंगदाण्याच्या तेलात ज्याचा मोठा अंश असतो, तेच हे आम्ल! त्याचे एक टोक शिशाच्या अणूला घट्ट धरते आणि अठरा कार्बन अणूंची लांब शेपटी बाहेर राहते. त्यायोगे कण एकमेकांस चिकटत नाहीत आणि द्रवात नीट राहतात.

परंतु संरक्षण करणारे हेच सोडण पुढे आड येते. असोला नारळ पुष्कळ दिवस टिकतो खरा. पण सोडण काढल्यावाचून खोबरे हाती लागत नाही. त्या लांब शेपट्यांमुळे दोन कणांत अंतर पडते आणि इलेक्ट्रॉनला पलीकडे जाता येत नाही. बरे, सोडण सारेच काढावे, तर नारळाला निदान करवंटी असते; पुंजबिंदूला तीही नाही. म्हणून लांब लिगंड काढून त्या जागी आखूड लिगंड बसवितात. दोन कार्बनांचे इथेनडायथायॉल हा त्यांपैकी एक. मात्र शेपट्या गेल्या की थर आकसतो व त्यास तडे जातात. यास्तव पातळ थरांवर थर देत हे काम करावे लागते.

2011 साली टोरांटो येथील संशोधकांनी लांब रेणूंऐवजी ब्रोमाइडसारख्या हॅलाइडांचे सुटे आयन बसवून सुमारे 6 टक्के कार्यक्षमता मिळविली. 2014 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत खालच्या थरांस आयोडाइड आणि वरच्यास इथेनडायथायॉल देण्यात आले. लिगंड बदलल्याने कणांतील ऊर्जापातळ्याही सरकतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनला योग्य दिशा मिळून कार्यक्षमता 8.55 टक्क्यांवर गेली. त्यानंतरही प्रगती चालूच आहे. पण बाजारातील सिलिकॉनचे घट 20 टक्क्यांहून अधिक ऊर्जा देतात व वर्षानुवर्षे टिकतात. त्यातच शिशाच्या विषारीपणाचा प्रश्न आहेच.

तेव्हा छपरावर हे कण अद्याप का नाहीत, याचे उत्तर त्यांच्या गाभ्यात नसून मुख्यतः त्यांच्या अंगावरच्या आवरणात आहे. सोडण किती काढावे आणि किती ठेवावे, हे ज्याला अचूक साधेल त्याच्या हाती पुष्कळ ऊन लागेल. तो मागच्या बाकावरचाही कोणी असू शकेल, असे आम्हांस मनापासून वाटते.