ई-टपालाची साठवण : बांधीव वही की सुटी पाकिटे?

ई-मेल पाठविणाऱ्याच्या दृष्टीने पत्र पोहोचले की काम संपते. वस्तुतः जतनाची जबाबदारी तेथूनच सुरू होते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ नुसार, कायद्याने जपून ठेवावयाचा दस्तऐवज इलेक्ट्रॉनिक असल्यास तो मूळ स्वरूपात, किंवा मूळ माहिती अचूकपणे दर्शविणाऱ्या स्वरूपात ठेवावा लागतो. म्हणूनच मेल सर्व्हरची निवड हा केवळ संगणक विभागाचा प्रश्न राहत नाही.

सर्व्हरवर मुख्यतः दोन कामे चालतात. पत्रांची ने-आण करण्याचे काम सेंडमेल, एक्झिम किंवा १९९८ मध्ये व्हीत्से व्हेनेमा यांनी सादर केलेले पोस्टफिक्स यांसारख्या प्रणाली करतात. साठविलेली पत्रे ग्राहकाच्या पडद्यावर आणण्याचे काम डव्हकॉटसारख्या प्रणालीकडे असते. पत्रे डिस्कवर ठेवण्याच्या पद्धतीही प्रामुख्याने दोन आहेत.

पहिली 'एमबॉक्स'. ही जणू बांधीव वही होय. सर्व पत्रे एकाच फाइलमध्ये एकापुढे एक लिहिली जातात. फाइल एकच असल्याने ती हलविणे व त्यात शोध घेणे सोपे जाते. मात्र मधले एक पत्र काढावयाचे झाल्यास पुढचा सारा मजकूर पुन्हा लिहावा लागतो, आणि त्याच क्षणी वीज गेली तर संपूर्ण पेटी धोक्यात येते. शिवाय प्रत्येक पत्राचा आरंभ 'फ्रॉम' या इंग्रजी शब्दाने ओळखला जात असल्याने, मजकुरातील एखादी ओळ त्याच शब्दाने सुरू झाल्यास तिच्यापुढे बहुधा एक चिन्ह जोडले जाते. एवढ्याशा बदलानेही पत्रावरील डिजिटल स्वाक्षरी अवैध ठरू शकते.

दुसरी 'मेलडिर'. डॅनिएल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या प्रणालीसाठी ती रचली. येथे प्रत्येक पत्र स्वतंत्र पाकिटात, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये असते. पत्र प्रथम तात्पुरत्या कप्प्यात पूर्ण लिहिले जाते, मग 'नवीन' कप्प्यात येते आणि वाचक-प्रणालीने दखल घेतल्यावर 'चालू' कप्प्यात जाते. त्यामुळे अर्धवट पत्र पेटीत येत नाही, आणि एका फाइलला इजा झाली तरी शेजारची पत्रे सुरक्षित राहतात. रोजची राखीव प्रत काढताना केवळ नवी पाकिटे घेतली तरी चालते. मात्र लाखो लहान फाइली डिस्कची अधिक जागा व्यापतात आणि संपूर्ण प्रत काढण्यास वेळ लागतो.

तात्पर्य, दूरध्वनी व संगणक यांवरून एकाच वेळी उघडल्या जाणाऱ्या चालू पेट्यांसाठी मेलडिर श्रेयस्कर. ज्यात भर पडणार नाही अशा जुन्या संग्रहास एमबॉक्सही पुरेसे ठरते; मात्र तेथेही स्वाक्षरीची पत्रे मूळ रूपात वेगळी ठेवावीत.

पोस्टफिक्स व डव्हकॉट या दोन्ही पद्धती हाताळू शकतात. प्रणाली पुढे बदलता येते. साठलेली लाखो पत्रे नव्या रूपात नेणे मात्र कष्टाचे व जोखमीचे असते. म्हणून साठवणीची पद्धत आधी ठरवावी, प्रणाली नंतर. आणि राखीव प्रतीतून एखादे पत्र परत मिळते की नाही, हे वेळोवेळी प्रत्यक्ष पडताळून पाहावे.