लेसरने चरबी काढणे : काय अपेक्षा धरावी?

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर एक बाई शहरातल्या एका दवाखान्याचे जाहिरातपत्रक घेऊन आल्या. "फादर, लेसरने पोटाची चरबी वितळते म्हणतात. मग माझी साखरही उतरेल ना? एक म्हैस विकायची तयारी आहे." असा विचार आणखी काही घरांत चालू असेल, म्हणून येथे लिहितो.

या उपचाराचे दोन प्रकार आहेत. एकात कातडी कापत नाहीत. पोटावर सपाट यंत्रे पट्ट्याने बांधून सुमारे २५ मिनिटे आतील चरबी ४२ ते ४७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. कातडी भाजू नये म्हणून वरून गारवा देतात. मेलेल्या पेशी शरीर आपणच हळूहळू वाहून नेते. त्यामुळे फरक सहा आठवड्यांनी कळू लागतो, पुरता दिसायला बारा आठवडे जातात. फरकही बेताचाच असतो.

दुसरा प्रकार लहानसे ऑपरेशनच होय. जागा बधिर करणारे औषधी पाणी भरतात, बारीक भोक पाडून लेसरची तार आत घालतात आणि वितळलेली चरबी बहुधा नळीने ओढून काढतात. अशा एका यंत्रास अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. यानंतर सूज येते, काळेनिळे डाग पडतात, एकदोन दिवस भोकातून पाणी झिरपते, काही आठवडे जागा बधिर वाटते. घट्ट पट्टा बांधून राहावे लागते. जाहिरातीत 'दुसऱ्याच दिवशी कामावर' असे छापलेले असते, पण ते खुर्चीवरच्या कामाविषयी समजावे. ताजी जखम घेऊन चिखलात उतरणे, शेण काढणे, पोती उचलणे चालणार नाही. डॉक्टर सांगतील तितके दिवस ही कामे बंद. तेव्हा सुगीच्या तोंडावर हा घाट घालू नये.

आता मुख्य गोष्ट. लेसर कातडीखालचा थर कमी करते. आतड्यांभोवती साठलेल्या चरबीपर्यंत ते पोहोचत नाही, आणि साखर व हृदयविकार यांचा अधिक संबंध त्या आतल्या चरबीशी आहे. अमेरिकेत १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटाची सुमारे ९ ते १० किलो चरबी ऑपरेशनने ओढून काढली आणि नंतर त्यांना तपासले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रक्तदाब, रक्तातील साखर वा चरबी यांत काहीही सुधारणा आढळली नाही. लेसरने तर याहून पुष्कळ कमी चरबी निघते. वजनकाट्यावर फरक जेमतेम पडतो. खाणे तसेच राहिले तर उरलेल्या पेशी फुगतात. मग म्हैसही गेली आणि साखरही तिथेच!

ज्याचे वजन बेताचे आहे, पण एखाद्या ठिकाणचा फुगवटा काही केल्या जात नाही, त्याच्यासाठी हा उपचार आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी करू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास किंवा साखर ताब्यात नसल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. ब्यूटी पार्लरमध्ये तर मुळीच करू नये. करणारा प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ आहे ना, हे विचारायला लाजू नये. आरोग्य विमा अशा सौंदर्योपचाराचे पैसे सहसा देत नाही. ऑपरेशननंतर ताप आला, जखम लाल होऊन ठणकू लागली, पोटरी सुजली किंवा धाप लागली तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

आणखी एक. तीनचार बाळंतपणे झालेल्या बाईचे पोट पुढे आले म्हणजे ती चरबीच असते असे नाही. स्नायू सैल पडलेले असतात, कधी हर्निया, म्हणजे अंतर्गळ असतो. तेथे लेसरचा उपयोग नाही आणि पोटात नळी घालणे तर धोक्याचे, कारण आतड्याला इजा होऊ शकते. खोकताना बेंबीपाशी गाठ फुगते का, हे डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

त्या बाईंना मी आधी सरकारी इस्पितळात सर्जनकडे जायला सांगितले. बेंबीचा हर्नियाच निघाला. साखर ताब्यात आली की सुगीनंतर ऑपरेशन करायचे ठरले आहे. म्हैस गोठ्यातच आहे.