मालवाहू पिकअप आणि हिवाळी टायरांची निवड

कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात मोटारींना हिवाळी टायर बसविणे कायद्याने बंधनकारक आहे. २००८ साली असा नियम अमलात आणणारा तो त्या देशातील पहिला प्रांत होय. जड ट्रक या नियमातून वगळण्यात आले आहेत. बांधकामाचे साहित्य, अवजारे किंवा सरपण वाहणारी लहान पिकअप गाडी मात्र सामान्यतः त्याच्या कक्षेत येते. तथापि नियम पाळला म्हणजे अशी गाडी सुरक्षित झाली, असे समजणे धोक्याचे आहे. नियम पाहतो तो बर्फ; पाठीवरचा भार मालकालाच पाहावा लागतो.

तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली उतरू लागले की साध्या टायरचे रबर ताठर होते आणि रस्ता कोरडा असला तरी त्याची पकड सैल पडते. हिवाळी टायरचे रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहील अशा मिश्रणाचे असते. त्याच्या खाचा खोल असतात व बटणांवर असंख्य बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा दाबलेल्या बर्फात रुततात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा पर्वत व त्यात हिमकण अशी खूण उमटविलेली असते. खिळ्यांचे टायर सोडल्यास, डिसेंबर २०१४ पासून क्वेबेकमध्ये हीच खूण ग्राह्य धरली जाते. ‘एम’ व ‘एस’ ही अक्षरे तेथे पुरेशी नाहीत. चिखल आणि बर्फ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे असून नक्षीच्या रचनेपलीकडे ती काही सांगत नाहीत.

खरी फसगत होते ती पुढे. २६५/७०आर१७ या एकाच मापाचे दोन टायर शेजारी ठेवले तर वरकरणी ते सारखेच दिसतात. त्यांपैकी प्रवासी मोटारीच्या वर्गातील टायरवर बहुधा ११५ हा भारांक असतो, म्हणजे एका टायरची क्षमता १,२१५ किलो. परंतु असा टायर पिकअपला लावताना क्षमतेस १.१ ने भागावे, असा संकेत आहे. तेव्हा हाती उरतात सुमारे १,१०५ किलो. याच मापाच्या, ‘एलटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या व ‘ई’ श्रेणीच्या टायरचा भारांक १२१, म्हणजे क्षमता १,४५० किलो. मागील दोन चाकांचा हिशेब केला तर ही तफावत जवळजवळ सातशे किलोंची होते. स्वस्त मिळाला म्हणून पहिला टायर घेणाऱ्याला बर्फावर पकड लाभते, पण भरलेली गाडी पेलण्याचे बळ लाभेलच असे नाही. भारांक केवळ हिमप्रदेशातच असतो असेही नव्हे. लासलगावच्या बाजार समितीकडे कांदा घेऊन निघालेल्या पिकअपच्या टायरवरही तो असतो; वाचला मात्र क्वचितच जातो.

१,४५० किलोंची ही क्षमता टायरमध्ये दर चौरस इंचास ८० पौंड हवा असेल तेव्हाचीच. थंडीत हवा आकसते. उबदार गॅरेजमध्ये २० अंशांवर ८० पौंड भरलेली हवा बाहेर उणे २० अंशांत सुमारे ६७ पौंडांवर येते आणि टायरची भार पेलण्याची शक्तीही त्याबरोबर घटते. यास्तव दाब गाडी चालविण्यापूर्वी, टायर थंड असताना व बाहेरच्या हवेतच तपासणे अगत्याचे असते. किती पौंड भरावयाचे, हे चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर नमूद केलेले असते.

चारही टायर एकाच जातीचे असावेत, हे सांगावयास नकोच. नक्षीची खोली ४ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्यास तो टायर बर्फात वापरू नये, अशी कॅनडाच्या परिवहन विभागाची सूचना आहे; गोटा होईपर्यंत टायर वापरण्याची चैन तेथे परवडत नाही. चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळणारी गाडी बर्फातून सुटते लवकर, पण थांबते इतर गाड्यांसारखीच. माल उतरविल्यावर पिकअपची मागील बाजू हलकी होऊन चाके जागच्या जागी फिरू लागतात, म्हणून पुष्कळ चालक मागील आसाच्या वर वाळूच्या पिशव्या घट्ट बांधून ठेवतात. पुन्हा माल भरताना त्या पिशव्या एक तर उतरवाव्या लागतात, नाही तर त्यांचे वजन मालाच्या वजनात धरावे लागते.