दणदणीत बाससाठी किती ओहमचा?

चंदगडकरांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, त्यामुळे हेडफोन घ्यायचा तर पाय बहुधा तिकडेच वळतात. दुकानात एकाच मॉडेलचे दोन-तीन प्रकार पुढ्यात आले की गोंधळ उडतो. जर्मन बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो घ्या: दिसायला जवळपास सारखाच, पण ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो.

मोठा आकडा म्हणजे मोठा बास, असं मुळीच नाही. ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं एकक. २५० ओहमच्या हेडफोनला जास्त व्होल्टेज लागतं. साध्या मोबाईलवर तो दबकाच वाजतो. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर सरळ ३२ घ्यावा. ब्लूटूथवाल्यांनी हा आकडा विसरावा, त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो.

बासचं खरं गणित मात्र कानाभोवतीच्या गादीत आहे. ढोलाचा घुमारा साधारण शंभर हर्ट्‌झच्या आसपास आणि त्याखाली असतो, आणि गादीला जराशी फट राहिली की आधी तोच गळतो. चष्म्याची काडीसुद्धा पुरते! हेडफोन घालून दोन्ही कप तळहातांनी हलके दाबा. बास एकदम वाढला तर गादी नीट बसत नाही, दुसरा बघा. कानात घालायच्या इअरफोनला रबरी टोप्यांचं योग्य माप हाच उपाय.

डीटी ९९० हा डीटी ७७०चाच उघड्या पाठीचा, म्हणजे कपातून आवाज आरपार जाऊ देणारा भाऊ. घरात छान; एसटीत मात्र इंजिनाची घरघर थेट आत येते आणि नेमका खालचा सूर गिळते. प्रवासासाठी बंद पाठीचाच बरा.