विमानात बाळ रडते तेव्हा

परवा रात्री दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना आमच्या पेठेतील एक आजीबाई आल्या. त्यांची लेक सात महिन्यांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा घेऊन पहिल्यांदाच विमानाने दुबईला नवऱ्याकडे निघाली होती. आजीबाई म्हणाल्या, "डॉक्टर, जावई तिकडं, पोरगी एकटी. दोन्ही लेकरं विमानात रडायला लागली तर ही काय करणार? लोक काय म्हणतील? झोपेचं औषध लिहून द्या. मुंबईत पाजलं की दुबईतच जागी होतील."

हा आग्रह मला नवा नाही. हल्ली आपल्या भागातील पुष्कळ घरांतील मुले-मुली नोकरीनिमित्त दूर गेली आहेत, त्यामुळे तान्ह्या बाळांनाही विमानप्रवास घडतो. म्हणून आजीबाईंना जे सांगितले तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

बाळ का रडते?

घाट उतरताना आपल्या कानांना दडे बसतात, हा अनुभव सर्वांना आहे. विमानात तेच होते, पण अधिक वेगाने. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडत असले तरी आतील हवेचा दाब यंत्राने राखलेला असतो. तरीही तो जमिनीवरच्याइतका नसतो. साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका असतो. आपले कळसूबाई शिखर सुमारे ५,४०० फूट उंच आहे, यावरून कल्पना यावी. विमान उतरू लागले की हा दाब पुन्हा वाढत जातो आणि कानाचा पडदा आत ढकलला जातो.

कानाचा मधला भाग आणि घसा यांना जोडणारी एक बारीक नळी असते. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. लहान बाळांत ही नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, शिवाय सर्दीने ती लगेच सुजते. मोठा माणूस मुद्दाम जांभई देतो, बाळाला ते कसे कळणार? ते रडते. मात्र रडतानाही ती नळी उघडते आणि कान मोकळा व्हायला मदत होते. म्हणून रडणाऱ्या बाळावर रागावू नये आणि आईने शरमूनही जाऊ नये.

झोपेचे औषध का नको?

वीस-बावीस वर्षांपूर्वी अशाच एका आग्रहाला मी बळी पडलो होतो. दीड वर्षाच्या एका मुलाला प्रवासासाठी सर्दीचे, गुंगी आणणारे पातळ औषध लिहून दिले. मूल झोपले नाहीच. उलट सैरभैर होऊन रात्रभर किंचाळत राहिले. काही मुलांत या औषधांचा असा उलटा परिणाम होतो. आई-वडील परत आल्यावर मला काही बोलले नाहीत, याचेच मला जास्त वाईट वाटले. आणि तरी ते मूल सुदैवी म्हणायचे, कारण लहान मुलांत अशा औषधांनी श्वास मंदावण्याचा धोका असतो. आधीच विरळ असलेल्या विमानातील हवेत तो ओढवून घेण्यात शहाणपण नाही. सर्दीच्या औषधांत सर्रास असणाऱ्या क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन या जोडीबाबत डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी, ती चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश काढले. घरात उरलेली सर्दीची बाटली 'झोप लागावी' म्हणून कधीही पाजू नका.

मग करावे काय?

विमान वर चढताना आणि विशेषतः उतरताना बाळाला अंगावर पाजावे. वरचे दूध घेत असेल तर चमच्याने थोडे थोडे द्यावे. गिळणे चालू राहणे महत्त्वाचे. त्यासाठी निघण्यापूर्वी पोट गच्च भरू नये, एक पाजणे हाती राखून ठेवावे. उतरण्याची सुरुवात जमिनीला टेकण्यापूर्वी साधारण अर्धा तास आधी होते. त्या वेळी बाळ झोपलेले असेल तर हळूच उठवावे, कारण झोपेत गिळणे कमी होते. मोठ्या मुलाला पाण्याचे घोट, केळे किंवा मऊ पोळीचा तुकडा द्यावा. शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळ्या देऊ नयेत. त्या श्वासनलिकेत अडकतात.

कानात तेल घालू नये. कापसाचे बोळेही दाबाचा फरक थांबवत नाहीत.

प्रवासाआधी दोन-तीन दिवसांत सर्दी, ताप किंवा कानदुखी सुरू झाली तर मुलाचे कान डॉक्टरांना दाखवावेत. कानाला सूज असेल तर तारीख पुढे ढकलणे बरे. नाक चोंदले असल्यास नुसत्या मिठाच्या पाण्याचे थेंब चालतात. मोठ्यांचे नाकाचे थेंब बाळाला घालू नयेत. दिवस भरण्याआधी जन्मलेले, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असलेले आणि अगदी नुकते जन्मलेले बाळ यांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नेऊ नये.

विमानातील हवा फार कोरडी असते, म्हणून बाळाला नेहमीपेक्षा अधिक वेळा पाजावे. आईनेही पाणी पीत राहावे. सहा महिन्यांखालील बाळाला आईचे दूध पुरे, वेगळे पाणी नको. बाळाचे दूध व खाणे प्रवासापुरते नेऊ देतात; सुरक्षा तपासणीच्या वेळी ते आपणहून दाखवावे. हाताशी एक जोडी कपडे, लंगोट, पातळ शाल आणि वजनाप्रमाणे मात्रा विचारून घेतलेले तापाचे औषध असावे. परदेशी जाताना तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो.

दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसते. त्याला आपल्याच पट्ट्यात गुंडाळू नये. धक्का बसल्यास मोठ्या माणसाचा सारा भार त्याच्यावर येतो. बाळाच्या वेगळ्या पट्ट्याबद्दल कर्मचाऱ्यांना विचारावे. मांडीवर मूल असताना गरम चहा घेऊ नये. विमान थोडे हलले तरी भाजायला तेवढे पुरते.

प्रवासानंतर दुसऱ्या दिवशीही मूल कान ओढत असेल, ताप आला किंवा कानातून पाणी आले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

आजीबाई औषधाच्या चिठ्ठीशिवाय, जराशा नाराज होऊनच गेल्या. काल त्या पुन्हा आल्या. "धाकटी उतरताना रडली," म्हणाल्या, "पण पदराखाली घेतल्यावर गप झाली. थोरला ढगच बघत बसला. आणि डॉक्टर, शेजारच्या बाईंनी त्याला मांडीवर घेतलं हो!" लोक काय म्हणतील, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले होते.